सव्वासात लिटरांच्या गळ्यात पत्रा

मी एक जुना सेआ आहे. हसू नका मित्रांनो, ते माझे नाव आहे, शिंक नव्हे. फार पूर्वी हिब्रू बोलणारे लोक ज्या मापांनी धान्य मोजत, त्यांपैकी मी एक. सहा कब ओतले की एक सेआ भरतो आणि तीन सेआ ओतले की एक एफा. आमचे घराणे असे शिस्तीचे आहे.

खरे सांगायचे तर मी काही त्या काळचा नाही. माझे पूर्वज केव्हाच मातीला मिळाले. त्यांच्या काळच्या फुटक्या रांजणांचे तुकडे जुळवून आमचा अंदाज बांधला, तो या संग्रहालयातल्या एका अभ्यासकाने. सगळे त्यांना लिटरमास्तर म्हणत. मला घडवणारा तांबट त्यांच्यावर भारी वैतागला होता.

"कुणी सात लिटर म्हणतं, कुणी बारा-तेरा. मी पत्रा कापू तरी किती?"

"सव्वासात धर," मास्तर म्हणाले. "पण पाटीवर मी 'सुमारे' लिहिणार. नक्की कुणालाच ठाऊक नाही, मग आपण कशाला छातीठोक सांगायचं?"

त्या 'सुमारे'चा मला फार अभिमान होता. वरच्या मजल्यावरच्या दालनात, जवाने भरलेल्या लाकडी पेटीशेजारी, मी वर्षानुवर्षे मानाने बसलो. माहिती सांगणाऱ्या ताई मुलांना बोलवत. मुले मला जवाने भरत, वरची शीग फळीने सपाट करत आणि एफात ओतत. तिसऱ्या खेपेला एफा काठोकाठ भरला की टाळ्या पडत. माझे अंग मुलांच्या हातांनीच चकचकीत झाले होते.

मग मास्तर निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. साहेबांना सगळे झटपट हवे. त्यांनी माझ्यात पाणी भरले, मला काट्यावर ठेवले, माझे स्वतःचे वजन वजा केले आणि म्हणाले, "सव्वासात किलो! लिटर-बिटर सोडा, लोकांना किलो कळतं." भिंतीवर भलामोठा रंगीत फलक लागला. 'एक सेआ म्हणजे सव्वासात किलो धान्य.' 'सुमारे' तर त्यांनी माशी झटकावी तसा झटकला. वर हौसेने शेजारी एक काटाही मांडला.

दुसऱ्याच दिवशी एका मुलीच्या वडिलांनी मला जवाने भरून तोलले. भरले साडेचार किलो! "माप खोटं आहे हो," असे म्हणून ते हसत पुढे गेले. मित्रांनो, मापाला खोटे म्हणणे म्हणजे भर बाजारात त्याच्या तोंडात मारणे. मी काय केले होते? मी जागा मोजतो, वजन नाही. माझ्यात पाणी घाला, जव घाला, पीठ घाला. वजन दरवेळी वेगळे येईल, मी तोच राहीन.

ताईंनी साहेबांना बोलावले. त्यांनी स्वतः तोलून पाहिले आणि चूक त्यांच्या लगेच लक्षात आली. ते काही मूर्ख नव्हते, आणि मला संताप येतो तो याचाच! चूक कळूनही ते काय म्हणाले, ऐका.

"फलक छापून झालाय. नव्या मांडणीच्या उद्घाटनाला पाहुणे यायचेत. आता मापच वाढवा."

तांबटाला निरोप गेला. त्याने मला मांडीवर घेतले, बोट फिरवले आणि खाली ठेवले. "टोपी मोठी झाली म्हणून डोकं फुगवायचं का, साहेब? माझ्या हातून नाही व्हायचं." तो निघून गेला. शेवटी खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याने माझ्या काठाला भोके पाडून सहा-सात बोटे उंच पत्रा ठोकला. आता सव्वासात किलो जव माझ्यात बरोबर मावू लागले. साहेब खूश!

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर एका मुलीला पुढे बोलावले. तिने माझ्यातून एफात जव ओतले. दुसऱ्या खेपेलाच एफा भरून वाहिला. जव फरशीवर, पाहुण्यांच्या बुटांत, सगळीकडे. मुलगी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, हा खोटं बोलतोय!"

ताईंची नोकरी अजून कायम झाली नव्हती. साहेब डोळे वटारून बघत होते. मला वाटले, आता त्या माझ्यावरच ढकलून मोकळ्या होतील. त्या खाली वाकल्या, माझ्या गळ्यातला पत्रा त्यांनी मुलीला दाखवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "तो नाही गं बोलत. आम्ही त्याला बोलायला लावलंय."

आज ताई तिकिटाच्या खिडकीत बसतात आणि मी जिन्याखालच्या कपाटात. माझ्यावर चिठ्ठी आहे, 'सदोष'. फलक मात्र अजून भिंतीवर मिरवतो आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करा असे मी म्हणत नाही. एवढेच करा. तुमचे उत्तर आणि माप जुळले नाही, तर आधी उत्तर तपासा. मापाच्या गळ्यात पत्रा ठोकू नका. आणि त्या दालनात कधी गेलात, तर फलकाखाली उभे राहून मोठ्याने विचारा, "सव्वासात किलो कशाचे?"