अंबेंचं उत्तर

कपाच्या आतल्या कडेला कॉफीचा काळा गोल सुकत आला होता — सकाळी ओतली तेवढीच होती, घोटभरही कमी नाही — तो कप उचलून दातूने वडिलांच्या, म्हणजे अंबेंच्या, उशाशी दुसरा, वाफाळता ठेवला. "अंबे, गरम आहे हं." चौदा महिने रोज म्हणत आली, तसंच. शहरातल्या डॉक्टरने तेव्हाच कागदावर मृत्यूची तारीख घालून दिली होती. पण इथल्या रीतीत मयतीचा रेडा पडेपर्यंत माणूस आजारीच असतो. उद्या खाचरात रेडे झुंजतील, मग त्यांतला पहिला कापला जाईल, आणि मग अंबे जातील. म्हणजे उशाशी कॉफी ठेवायचा हा शेवटचा साधा दिवस...

बाहेर मांडवाचे बांबू ठोकता ठोकता धाकटा भाऊ बान्ने ओरडला, "ताई, तुझे गोरे पाहुणे चारच ना? ती मागच्या खेपेची उंच बाई रेड्यापेक्षा जास्त हंबरली होती. तसलं कुणी नको!"

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"वा! लोकांच्या मयतीला वीस वर्षं पर्यटक आणलेस, आता घरच्या वेळी लाजतेस?"

हातातल्या फोनवर त्या चौघांचा प्रश्न सकाळपासून तसाच होता — झुंज बघायला येऊ ना? येतील, बघतील, मग कुणीतरी विचारेलच, आणि ती ते वाक्य म्हणेल. ते वाक्य...

नऊ वर्षांपूर्वी, चुलत्यांच्या मयतीच्या वेळी, अंबेंचा रेडा शिंग मोडून पळाला होता. माणसं हसत होती. बुटांना चिखल लागलेली एक परदेशी बाई रडत विचारत होती, यांना काहीच वाटत नाही का? दातूने ते अंबेंना सांगितलं. ते कासरा गुंडाळत होते. गुंडाळून झाला तरी गुंडाळतच राहिले. मग हळूच म्हणाले, "तिला सांग, झुंज लागली की मी चिखलाकडे बघतो. दर वेळी. लहान होतो तेव्हापासून."

आणि दातू त्या बाईला म्हणाली — वडील म्हणतात, रेडा शूर असतो, त्याला दुखत नाही.

का? आपल्या माणसाचा हळवेपणा एका अनोळखी बाईने फोटोसारखा घरी न्यावा, हे सोसलं नाही म्हणून? की नुसतंच, पुढच्या आठवड्यात आणखी सहाजण यायचे होते म्हणून? बाईने डोळे पुसले आणि निवांतपणे फोटो काढले. तेव्हापासून प्रत्येक घोळक्याला तेच वाक्य, अंबेंच्या नावावर.

"काय म्हणाली ती?" अंबेंनी विचारलं होतं.

"तुमचं पटलं म्हणाली."

ते केवढे हसले होते. त्यानंतर कधीमधी, मध्येच विचारायचे, ती बाई कशी असेल गं? दूरच्या कुठल्यातरी देशात एका माणसाला आपलं कळलं आहे, एवढ्यावर ते इतकी वर्षं... आणि मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते.

वाफ विरळ होत गेली. बान्नेचं ठोकणं थांबलं. फोन तिने चटईवर पालथा ठेवला.

"अंबे," ती मोठ्याने म्हणाली, "तुमचं उत्तर मी त्या बाईला सांगितलंच नाही. कुणालाच नाही... आणि मीसुद्धा चिखलाकडेच बघते, अंबे. दर वेळी."