कापणाऱ्याने शेवटी घ्यायचं

वडिलांचा घरात एक नियम होता: जो फळ कापेल त्याने आपली फोड सगळ्यांत शेवटी घ्यायची. म्हणजे फोडी सारख्या होतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चांगलंच होतं हो, पण सुरी दर वेळी मधलीच्याच हातात यायची. दादा हात झटकायचा, धाकटी नाक मुरडायची, आणि मधली मुकाट्याने कापायची.

जाताना त्यांनी घर, गाळे, ठेवी, सगळं एका ट्रस्टमध्ये घातलं आणि तिथेही तेच केलं. कुणाला कधी किती द्यायचं हे विश्वस्ताने आपल्या मर्जीने ठरवायचं. विश्वस्त घरातलाच हवा. आणि जो विश्वस्त होईल, त्याला स्वतःला दमडीही नाही. आता विश्वस्त कोण झालं, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून मधलीला धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दादाच्या मुलाला, म्हणजे भाच्याला, दुकानासाठी दिलं की धाकटीचं तोंड वाकडं, धाकटीच्या ऑपरेशनला दिलं की दादाचा अबोला. शेवटी दोघं कोर्टात गेली, आधी एकमेकांवर आणि मग दोघं मिळून हिच्यावर! कसली मर्जी आणि कसलं काय. चष्म्याच्या काचा घासून ही बाई आपलं पोट भरत होती. तिच्या जुन्या सोबतिणीने दूर समुद्रकाठच्या गावात स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं होतं आणि हिच्यासाठी एक मशीन राखून ठेवलं होतं. पण किती दिवस राखणार? महिनाअखेरीस आली नाहीस तर दुसरी बघते, असं तिने परवाच कळवलं होतं.

सुटका अगदी जवळ आली होती. भांडून थकल्यावर दोघं ट्रस्ट मोडून वाटणी करायला तयार झाली. अट एकच, सगळ्या लाभार्थ्यांची संमती. लाभार्थी म्हणजे दादा, धाकटी, भाचा आणि पुढचं मूल, अगदी पोटातलंसुद्धा. भाच्याला मूल नव्हतं, डॉक्टरांनी आशाही सोडली होती. सह्या गेल्याच महिन्यात व्हायच्या, पण जेवणाचं टेबल कुणी न्यायचं यावरून दादा-धाकटीची जुंपली आणि बैठक पुढे गेली. मधलीने बॅग मात्र भरलेलीच ठेवली.

आज त्याच टेबलाभोवती सगळे जमले. वकीलबाईंनी कागद पसरले, आणि भाच्याची बायको लाजत म्हणाली, कालच कळलंय, मला दिवस गेलेत. सगळ्यांत आधी मधलीनेच तिला मिठी मारली. तिला मनापासून आनंद झाला, डोळे भरून आले.

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"अभिनंदन. पण आता सह्या होणार नाहीत. पोटातल्या बाळाच्या वतीने हक्क सोडायला कोर्ट परवानगी देणार नाही. ते सज्ञान होईपर्यंत ट्रस्ट चालवावा लागेल."

"मग मी राजीनामा देते," मधली म्हणाली.

देता येईल, बाई म्हणाल्या, यांच्यापैकी कुणी जागा घेतली की लगेच. दादाने मुलाकडे पाहिलं, मुलाने फोनमध्ये डोकं घातलं, आणि धाकटीला आपलं ब्लडप्रेशर आठवलं.

दादाने सह्यांच्या आनंदात कलिंगड आणलं होतं. धाकटीने सवयीने सुरी मधलीपुढे सरकवली. मधलीने ती परत ढकलली.

"आज दुसरं कुणीतरी कापा."

कुणी हललं नाही. कलिंगड तसंच मध्ये पडून राहिलं. शेवटी भाच्याची बायको हळूच म्हणाली, "आत्या, मला ना काहीतरी गार खावंसं वाटतंय." ती उठून सुरीला हात घालणार, एवढ्यात मधलीचाच हात पुढे गेला. त्या हाताचा तिला इतका संताप आला की तोडून टाकावासा वाटला.

"कापते गं. तू बस."

तिने कापलं, अगदी सारखं. एकेकाने फोड उचलली. शेवटची एक उरली तेव्हा दादा हसत म्हणाला, बाळाचीही एक हवी ना! सगळे हसले. मधलीने ती फोड सुनेच्या ताटलीत ठेवली आणि सुरी धुवायला नळाशी गेली.