कव्हरवर नसलेली आर्डिथ

मी एक रेकॉर्ड बोलतेय. जुनी, काळी, जेवणाच्या ताटाएवढी. एरवी मला बोलता येत नाही, सुई टेकवली की गाता तेवढं येतं. आणि गायला लागले की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, कारण माझ्यात आवाज एकीचा आहे आणि माझ्या कव्हरवर नाव दुसरीचं. त्यातून माझ्या दोन्ही बाजूंना देवाची गाणी आहेत. उनाड गाणी असती तर इतकं लागलं नसतं.

अमेरिकेत केंटकीच्या डोंगरात स्लोन म्हणून एक घर होतं, त्यांची मी. होबार्ट स्लोन गिटार वाजवायचा आणि मधला सूर लावायचा. त्याची धाकटी बहीण आर्डिथ वरचा सूर लावायची. खालचा सूर होबार्टच्या बायकोचा, वेल्डाचा. अंगानं काडी, पण आवाज पुरुषासारखा भरदार. शिवाय होबार्टचा भाऊ बर्ल बँजो वाजवायचा. बर्ल गात नसे. तो बोलतसुद्धा नसे फारसा.

कुणाचं मयत असो, नदीवर कुणाचा बाप्तिस्मा असो, या मंडळींना बोलावणं ठरलेलं. शेवटी लोकच मागे लागले की तुमची एक रेकॉर्ड काढा. मग ही सगळी जणं बर्लच्या खटाऱ्यात बसून शहरात गेली. तिथल्या खोलीत एकच माइक होता आणि आर्डिथचा आवाज इतका खणखणीत, की रेकॉर्डिंगवाल्यानं तिला मागे मागे सरकवत दारापाशी नेऊन उभं केलं.

"आणखी मागे जा म्हणालात तर मी गायला रस्त्यावर जाईन," ती म्हणाली. बर्लसुद्धा हसला म्हणे.

आम्ही सगळ्या रेकॉर्डी छापून होबार्टच्या घरी आलो. कव्हरं छापायची बाकी होती. तेवढ्यात आर्डिथनं दुसरं लग्न केलं. पहिला नवरा दारू पिऊन तिला बडवायचा, हे अख्ख्या खोऱ्याला माहीत होतं. पण त्यांच्या चर्चचा नियम कडक. पहिला नवरा जिवंत असताना दुसरा केला की चर्चमधून नाव कमी. एल्झीभाऊ म्हणून चर्चमधले एक वडीलधारे होते, ते होबार्टच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. आम्ही टेबलाखालच्या खोक्यात होतो.

"होबार्ट, तिचा फोटो कव्हरवर दिसला तर आपल्या चर्चच्या आवारात एकही रेकॉर्ड विकायची नाही."

"पण एल्झीभाऊ, आत आवाज तिचाच आहे. तो कसा काढू?"

"आवाज कुणाचा ते कोण बघत बसतंय?" एल्झीभाऊ म्हणाले आणि कॉफी संपवून निघून गेले.

होबार्ट डोकं धरून बसला. तोडगा वेल्डानं काढला. "फोटो आपण तिघांचा काढू. वरचा सूर माझा म्हणून छापा आणि माझा बर्लच्या नावावर टाका. बर्ल काही बोलायचा नाही." बर्ल खरंच काही बोलला नाही. तसंच छापलं.

आर्डिथ नवऱ्याबरोबर ओहायोत डेटन शहरी गेली. तिला आमच्यातली एकही कुणी पाठवली नाही. इकडे चर्चबाहेर लोक वेल्डाचे हात धरून सांगायचे, काय आवाज लावलाय गं! वेल्डा लाजायची. लोकांना तो विनय वाटायचा. पण लोक नुसती वाहवा करून थांबत नाहीत, म्हणतात आता समोर गाऊन दाखव. मग वेल्डाचा घसा बसायला लागला. दर रविवारी बसायला लागला. पुढे त्या घरातलं गाणंच बंद पडलं.

मला ज्यानं विकत घेतलं तो बिचारा वर्षानुवर्षं मला ऐकून डोळे पुसायचा. तो गेल्यावर त्याच्या पोरांनी मला नाताळच्या दिव्यांच्या माळांखाली टाकलं. कुणीतरी माझ्यावर कुंडी ठेवली. पाणी झिरपून कव्हरवर बरोबर बर्लच्या तोंडावर डाग पडला. मला वाटलं, बरं झालं, आता मला कुणी हात लावणार नाही.

पण ऑर्व्हिल टॅकेटनं लावला. हा रिटायर झालेला पोस्टमन, जुन्या बाजारातून देवाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी हुडकून आणतो, पुसून स्वच्छ करतो आणि गाणी इंटरनेटवर फुकट टाकतो, सगळ्यांना ऐकता यावीत म्हणून. त्याची बायको मॅक्सिन म्हणते, "रेकॉर्डींना गाद्यागिरद्या आणि मी सोफ्यावर. मी मेले की मलाही पुठ्ठ्यात घालून फळीवर ठेव." ऑर्व्हिल सख्ख्या भावालाही रेकॉर्ड उसनी देत नाही. बसा, इथंच ऐका, म्हणतो.

माझी गाणी त्यानं इंटरनेटवर टाकली आणि खाली लिहिलं, वरचा सूर वेल्डा स्लोन, खालचा सूर बर्ल स्लोन. झालं! पूर्वी मी एका खोऱ्यापुरती खोटी होते, आता जगभर झाले.

शनिवारी ऑर्व्हिलच्या गॅरेजमध्ये ऐकायला माणसं जमतात. घेवड्याच्या दाण्यांचं कालवण आणि मक्याचा पाव असतो. त्या शनिवारी त्यानं वेल्डाला मुद्दाम बोलावलं होतं, सत्कार करायला. होबार्ट आणि बर्ल केव्हाच गेलेले, ही एकटी उरलेली. वॉकर टेकत आली. आणि पाठोपाठ एक अनोळखी बाई आली, पन्नाशीची, हातात गाडीची किल्ली तशीच.

"मी जोनेल. डेटनहून आले. इंटरनेटवर स्लोन नाव दिसलं. आर्डिथ स्लोन माझी आई. ती गेली गेल्या वर्षी. अंत्ययात्रेला गावाकडची एक म्हातारी आली होती, ती म्हणाली तुझी आई काय गायची! आम्ही तर तिला कधी गुणगुणतानाही ऐकलं नाही. विचारलं की म्हणायची, मला कुठं येतंय. तिचा आवाज कुठं असेल का हो? एखाद्या गाण्यात तरी?"

ऑर्व्हिलला वाईट वाटलं. "नाही हो. मी ही रेकॉर्ड शंभरदा ऐकली असेल. वर या वेल्डाताई, मधे त्यांचे यजमान होबार्ट, खाली बर्ल. माझा कान चुकत नाही."

जोनेल वेल्डाकडे वळली. "म्हणजे तुम्ही माझ्या मामी. मामी, तुमच्या आठवणीत तरी आहे का ती गाताना?"

वेल्डाच्या हातात मक्याचा पाव होता, त्याचा चुरा मांडीवर पडत होता. नाही म्हणाली असती तर विषय मिटत होता. जोनेल रिकाम्या हातानं परत गेली असती आणि सत्कार झाला असता. मी तिथं टेबलावर पडलेली, सगळं माहीत असून तोंडाला कुलूप. लाजेनं मला अगदी नको नको झालं.

"ऑर्व्हिल," वेल्डा म्हणाली, "दुसरी बाजू लाव. तिसरं गाणं."

सुई टेकली. पहिलं कडवं ती गप्प बसली. धृपद आलं आणि तिनं तोंड उघडलं. एवढीशी वाळकी बाई, आणि खालून तो भरदार सूर आला. म्हातारा झालेला, चिरकलेला, पण तोच.

ऑर्व्हिल उठून उभा राहिला. "अहो, पण हा तर बर्लचा..."

"गप बस, ऑर्व्हिल," मॅक्सिन म्हणाली.

जोनेल वेल्डाच्या तोंडाकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. मी फिरत होते. वेल्डा खाली गात होती आणि वर दुसरंच कुणीतरी गात होतं. गाणं संपलं.

"मामी, मग वर कोण आहे?"

"तुझी आई." वेल्डाला धाप लागली होती. "चर्चनं तिचं नाव काढलं. तिचा आवाज मी घेतला. लोक मला वाखाणायचे ना, तेव्हा मला आवडायचं, जोनेल. आवडायचं गं. त्याचीच लाज जास्त वाटते."

जोनेलनं तिला जवळ घेतलं नाही. वेल्डानं खाली घातलेली मान वर केली नाही. जोनेल म्हणाली, "परत लावा." परत लावलं. मग परत. कालवण गार झालं तरी कुणी उठलं नाही.

जोनेल निघाली तेव्हा ऑर्व्हिलनं मला तिच्या हातात ठेवलं. त्याचाही चेहरा उतरला होता, कानाचा तोरा गेला होता. आता मी डेटनला साध्या पांढऱ्या कागदात असते. कव्हर जोनेलनं घेतलं नाही. इंटरनेटवरचं नाव ऑर्व्हिलनं त्याच दिवशी बदललं.

पण माझ्याबरोबर छापलेल्या बाकीच्या अजून तशाच आहेत, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या तळघरात, खोटी कव्हरं घालून. त्यांना बोलता येत नाही. तुम्हाला कधी एखादी सापडली, तर फोटोवर जाऊ नका. एक पेन घ्या आणि कव्हरवर मोठ्या अक्षरांत लिहा, वरचा सूर आर्डिथ. दारापाशी उभं राहून गायली होती ती, आणि तिच्या पोरीला ते म्हातारपणाच्या उंबऱ्यावर कळलं.