पत्र्याला बांधलेली चिंधी

दुलातने आईला पत्ता बरोबर दिला होता, वेळ तेवढी चुकीची सांगितली होती. त्याच्या कादंबरीचं वाचन पाचला, आईला सांगितलं सहा. होतकरू कादंबरीकाराला एवढं खोटं चालतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. पण माळावरचं माणूस गाडी चुकेल या धास्तीने सगळीकडे तासभर आधी पोचतं, हे तो अल्माटी शहरात राहून विसरला होता.

मेळा विज्ञानकथावेड्यांचा. पुठ्ठ्याची चिलखतं घातलेले अंतराळवीर, तोंडाला हिरवा रंग फासलेली पोरं, पहिल्या रांगेत प्रकाशिका झादिराबाई. त्यांनी रोखठोक सांगितलं होतं, "रडकी माळरानं पुष्कळ झाली, दुलात. पहिल्या प्रकरणाला हशा पिकला तर छापते, नाहीतर विसर."

म्हणून त्याने प्रकरण बदललं होतं. आता त्यात एक खेडवळ बाई होती. आकाशातून पडलेल्या रॉकेटच्या तुकड्याला ती परग्रहावरचा पीर समजते, चिंधी बांधते आणि नवस बोलते.

चिंधी खरी होती. दुलातचं गाव रॉकेटच्या वाटेखाली. वरून रॉकेटचे पत्रे पडत, लोक त्यांची कुंपणं करत. दुलातच्या घरच्या मेंढ्यांची गव्हाणही त्याच पत्र्याची. सात वर्षांचा दुलात तापाने फणफणला, डॉक्टर बर्फात अडकला, तेव्हा आईने डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालाची पट्टी फाडून त्या गव्हाणीला बांधली. पट्टी पिराच्या झाडाला बांधायची असते. पण माळावर झाड कुठलं? वरून आलेलं असं दारात तेवढंच होतं.

तिसऱ्या पानावर त्याने मान वर केली आणि शेवटच्या रांगेत त्याला तोच पांढरा रुमाल दिसला. त्याची आई, कुल्याशबाई, मांडीवर गाठोडं घेऊन, मान पुढे काढून ऐकत होत्या.

पान उलटून पुढचं वाचलं असतं तरी भागलं असतं. पण झादिराबाई आत्ताच कुठे हसू लागल्या होत्या. दुलातने वाचलं. नुसतं वाचलं नाही, तर बाईच्या नवसाला आईचा आवाज काढला, तिचा तो नाकातला हेलसुद्धा. सभागृह खदखदलं. हिरव्या तोंडाच्या पोराने मांडीवर थाप मारली. दुलातचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला वाटत होतं, आणि तोंड मात्र चालूच होतं.

टाळ्या संपल्या तशा कुल्याशबाई उठल्या. दुलातला वाटलं, आता निघून जातील. जाव्यात, असंही वाटलं, आणि त्याची त्याला आणखी लाज वाटली. बाईंनी गाठोडं सोडलं आणि मुठीमुठीने चॉकलेटं, गोळ्या उधळायला सुरुवात केली. शाशूच होती ती! घरात लग्न झालं, मूल झालं की आयाबाया उधळतात तशी. शुभाची गोळी जमिनीवर कोण राहू देणार? पुठ्ठ्याचे अंतराळवीर गुडघ्यांवर बसून वेचू लागले.

"ह्या कोण रे?" झादिराबाईंनी हसत विचारलं.

"माझी आई."

झादिराबाईंनी त्या रुमालाकडे पाहिलं. त्यांचं हसू ओसरलं. "छापते मी," त्या म्हणाल्या आणि पर्स शोधू लागल्या.

दुलात मागे गेला. "आई, लवकर आलीस."

"आले की. सहाला आले असते तर सगळं हुकलं असतं बघ." तिने त्याच्या हातात एक चॉकलेट कोंबलं. "खा. तोंड बघ कसं सुकलंय."

"ऐकलंस सगळं?"

"ऐकलं. तुझी ती बाई चांगलीच येडी आहे हां. लोक पोट धरून हसले." ती गाठोड्याचं फडकं घडी करत राहिली. "पण तिच्या पोराचं काय झालं रे? ताप उतरला का त्याचा? ते सांगायचंच राहिलं तुझं."

प्रकरण बदलताना पोराला त्याने केव्हाच गाळून टाकलं होतं. ते असतं तर कुणी हसलं नसतं.

"उतरला, आई," तो खाली बघत म्हणाला.