बिगिन म्हणावं जिवाला

‘स्टार्ट म्हणावं गाडीला, कमेन्स म्हणावं सभेला, लाँच म्हणावं होडीला...’

गडमुडशिंगीच्या शाळेत आकाराम मास्तर इंग्रजी असं शिकवायचे, टेबलावर पट्टीनं ताल धरून. संध्याकाळी तेच शब्द त्यांच्या बायकोच्या, अंबूबाईच्या तोंडी यायचे. तिला इंग्रजी अक्षर एक येत नव्हतं, पण चाल भाकरीच्या थापेत बरोबर बसायची. चुलीपाशी दप्तर घेऊन बसलेल्या स्नेहलला बापाचं इंग्रजी पाठ झालं ते आईच्या आवाजात.

मास्तरांना जाऊन आता वर्ष झालं. स्नेहल शिवाजी पेठेत नवऱ्याबरोबर राहते आणि दुपारी पुढच्या खोलीत बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. त्या गुरुवारी फळ्यावर आरंभाचे शब्द होते. आणि चारच दिवसांपूर्वी, रविवारी, तिचं दहा आठवड्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. पण पडलं की डोळे छताला लागायचे, म्हणून तिनं वर्ग भरवला.

ऋतुराजला, नवऱ्याला, सगळं माहीत होतं. आईला सांगायचं राहिलं होतं. रोज फोन हातात घ्यायची आणि पुन्हा खाली ठेवायची.

मास्तर गेल्यापासून अंबूबाई बारशाला गेली तरी मागं भिंतीला टेकून बसायची, पाळण्याला हात लावायची नाही. तिला तसं कुणी बोललं नव्हतं. कुणी बोलायच्या आधीच तिनं हात आखडून घेतले होते. लेकीची गोड बातमी कळली तेव्हा फोनवर खूप हसली, आणि मग हळूच म्हणाली होती, मी आपली लांबनंच बघीन. आता हे कळलं तर ती आपल्याच हातांकडं बघत बसेल, हे स्नेहलला पक्कं ठाऊक होतं.

आणि वर्ग रंगात आला असताना तीच दारात उभी राहिली. हातात पिशवी, पदर घट्ट लपेटलेला. फोन नाही, निरोप नाही. स्नेहलच्या हातातला खडू जागच्या जागी थांबला. शिकीव शिकीव, मी बसते, असं खुणेनंच सांगून अंबूबाई मागं चटईच्या कडेला टेकली.

दूधकट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायला, म्हैस घेऊन उभी राहणारी शालूबाई तेवढ्यात विचारती झाली, “मॅडम, म्हशीनं पान्हा सोडला म्हंजे स्टार्ट का बिगिन?”

“तुझी म्हैस कमेन्स करती की,” शेजारची म्हणाली. “केवढा नखरा हाय तिचा.”

हसणं ओसरल्यावर स्नेहलनं वडिलांची चाल शिकवायला घेतली. गाडी झाली, सभा झाली, होडी झाली. चौथ्या ओळीपाशी तिनं खडू खाली ठेवला आणि आजच्यापुरतं एवढं पुरे, असं म्हणाली.

मागून, गुडघ्यावर थाप देत, आवाज आला, “बिगिन म्हणावं जिवाला.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अंबूबाई लाजली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच दात दिसेपर्यंत हसली. स्नेहल फळ्याकडं वळली आणि फळा पुसत राहिली. तो कधीच कोरा झाला होता.

बायका गेल्यावर अंबूबाईनं दार लोटलं. पदराआडून एक घडी काढली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली. हिरवीगार चोळी. तिसऱ्या महिन्यात माहेरनं गुपचूप द्यायची ती चोरचोळी. देणारीनं सांगायचं नाही, घेणारीनं विचारायचं नाही. म्हणूनच तिनं फोन केला नव्हता. ह्या चोळीला चार बायका लागत नाहीत, कुंकू लागत नाही, ओवाळणं लागत नाही. एवढं एक मला चालतंय, असं ती खालच्या आवाजात सांगत होती. सांगताना दाराकडं बघत होती.

मग तिनं चोळी उलटी करून शिवण दाखवली. “दोन्ही कडंला दोन-दोन बोटं कापड आत सोडलंय. अंग भरंल तसं उसवायचं.”

स्नेहलनं त्या दुमडलेल्या कापडावरून बोट फिरवलं. टाके बारीक होते, एकाला एक लागून. मध्येच एक-दोन ठिकाणी वाकडे गेले होते.

“सोमवारी कात्री हातात घेतली आन् दोनदा खाली ठेवली,” अंबूबाई म्हणाली. “म्हटलं, ह्यात माझा हात लागावा का न लागावा. तुला बरं वाटत नसंल तर घालू नको बाई. नुसती ट्रंकेत ठेव.”

तिनं दोन्ही हात परत पदराखाली घेतले. स्नेहलनं ते बाहेर ओढून काढले आणि आपल्या मांडीवर, चोळीवर, धरून ठेवले. बोटांना सुई टोचल्याच्या खुणा होत्या.

“आई,” ती म्हणाली. तिनं ते हात आणखी घट्ट धरले.

“बाळ न्हाय राहिलं, आई. रविवारीच गेलं गं ते. तू कात्री हातात घ्यायच्या आधी.”