वर्दीची घंटा

मित्रांनो, सत्य कधी गप्प बसत नाही. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण माझ्या तोंडात सध्या रुमाल कोंबलेला आहे.

मी एक जुनी पितळी घंटा आहे. काळाचौकीच्या गणेशमंडळात आरतीला मी वाजत असे. मंडळाने मोठी घंटा घेतली आणि मला अडगळीत टाकले. तिथून शेजारच्या चाळीतल्या सुनेत्राताईंनी मला उचलले. परळच्या दोन खोल्यांत त्यांनी ‘वर्दी’ नावाची बातम्यांची वेबसाइट काढली होती. नियम एकच: बातमी चुकली, की चुकणाऱ्याने सर्वांसमोर घंटा वाजवून चूक बोलायची आणि दुरुस्ती सगळ्यात वर छापायची.

पहिल्यांदा ताईंनीच मला वाजवले. त्यांनी एका धडधाकट भजनीबुवांना श्रद्धांजली वाहिली होती. बुवा स्वतः ऑफिसात आले, चहा प्याले आणि म्हणाले, “गो बाय, माझ्या तेराव्याक माका बोलवक इसरू नको.”

पुढे ‘वर्दी’ मोठी झाली. काचेचे ऑफिस आले, एसी आला, हितेंद्र नावाचे नवे मालकही आले. त्याच सुमारास बातमी लागली: लालबागची एक चाळ पाडायला सगळे भाडेकरू एकमताने तयार. दुसऱ्या दिवशी मासळी विकणाऱ्या मंजुळाबाई टोपली घेऊन दारात उभ्या.

“माझी सही नाय घेतली. मग एकमत कोणाचं, माझ्या मांजराचं?”

“ताई, बिल्डर आपल्या ओळखीतला आहे,” हितेंद्र हळूच म्हणाले. “घंटा बडवून काय मिळणार?”

“मंजुळाबाईंना त्यांची खोली,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला वाजवले.

दुरुस्ती लागली. संध्याकाळपर्यंत ती गायब झाली. ताईंनी राजीनामा दिला.

निरोपाला केक होता. हितेंद्र मूल्यांवर बोलले. वेबसाइटवर झळकले: ‘संस्थापिका प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त.’ ताई तर रोज शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात. ती ओळ लिहिणाऱ्या अभयने माझ्याकडे पाहिले. त्याचा हात वर आला, माझ्या दोरीपर्यंत पोचला आणि मग केककडे वळला.

तेव्हापासून मी आपोआप वाजू लागले. खोटी बातमी लागली, की माझ्या अंगात कापरे भरते. भर दुपारी, कुणी जवळ नसताना एकच टोला पडायचा आणि सगळ्यांची बोटे थांबायची.

“एसीचा वारा,” हितेंद्र म्हणाले. एसी बंद केला. मी पुन्हा वाजले. मग अभयने खिशातला रुमाल काढून माझ्या लोलकाला गुंडाळला. आता आवाज होत नाही. तरी मी हलले, की सगळे वर बघतात.

परवा मंजुळाबाई पुन्हा आल्या. खोली रिकामी करायची नोटीस हातात होती आणि तिला आमचीच ती एकमताची बातमी जोडलेली.

“ताई खंय?” त्यांनी विचारले. कुणी मान वर केली नाही. मी जिवाच्या आकांताने हलले. रुमाल तेवढा थरथरला. बाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग टोपली उचलून निघून गेल्या.

मित्रांनो, बातमी वाचताना एवढे विचारा, की चुकली तर घंटा कोण वाजवणार? मोठ्या माणसांना विचारा, धीटपणे विचारा.

तेही जमणार नसेल, तर निदान हा रुमाल बदला. अभयने त्याला केकचे हात पुसले होते. मुंग्या फार चावतात.