कर्ण्यातला चिंचोका

टक्क. मग जरा खुळखुळ. आणि परत सामसूम.

कुपवाडच्या दोन खोल्यांतली दुपार होती. वीज गेलेली, पंखा थांबलेला, तान्हं बाळ झोळीत झोपलेलं. पाच वर्षांच्या राणीनं माझ्या अंगावरची चादर उचलून माझ्या तोंडात चिंचोका टाकला होता. इतक्या वर्षांनी आपल्यातून काही आवाज निघाला, म्हणून मीच दचकलो.

मित्रांनो, मी चावीचा ग्रामोफोन. खाली लाकडी पेटी, वर फिरती थाळी आणि धोतऱ्याच्या फुलासारखा पितळी कर्णा. मला वीज लागत नाही. चावीचे वीस-पंचवीस वेढे द्यायचे, तबकडीवर सुई टेकवायची, की तीन मिनिटं गाणं. पण ते वेढे देणारा हात मात्र लागतो. तो नसला की मी नुसतं एक खोकं.

वडूजच्या बिराप्पा धनगरानं मला मिरजेच्या बाजारातून एका मेंढ्याच्या बदल्यात आणलं. त्याची बायको हरणाबाई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "मेंढा लोकर तरी देत हुता. ह्यो काय देणार?" बिराप्पानं गुमान चावी दिली. तबकडीवर एक बाई जात्यावरच्या ओव्या म्हणत होती. हरणाबाई ऐकत राहिली आणि संपल्यावर हळूच म्हणाली, "माज्या आईवानी गाती. परत लावा की."

दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. मी घोंगडीत गुंडाळून घोडीच्या पाठीवर. कर्णा मात्र हरणाबाई काखेत धरून चालायची. घोडीवर तिचा भरवसा नव्हता. दिवस मावळताना कुणाच्या तरी रानात तळ पडायचा. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी व्हायची, बिराप्पा माझी सुई बदलायचा आणि गाणं सुरू व्हायचं. कोकरं येऊन माझा कर्णा हुंगायची. आसपास विजेचा एक खांब नसायचा, पण कुणाचं काही अडलं नाही. ते माझे सुखाचे दिवस.

मग मी बंद कसा पडलो? सांगतो. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. लोकर कातरायची कातर, कोयता, कुऱ्हाड, आणि त्यांच्या रांगेत मी. हरणाबाई माझ्यावर बिरोबाचा भंडारा उधळायची. चावीच्या भोकातही चिमूटभर टाकायची, वर करडईचं तेल सोडायची. एका वर्षी ओव्या रेंगाळू लागल्या. पुढच्या वर्षी थाळी फिरेनाच. देव रुसला म्हणून तिनं दुप्पट भंडारा घातला.

बिराप्पा गेला. नातू विश्वजीत, म्हणजे राणीचा बाप, कुपवाडच्या कारखान्यात लागला. त्याच्याकडे येताना हरणाबाईनं मला एसटीत मांडीवर घेतलं होतं. मी मुका झालो तरी ती रोज पदरानं कर्णा पुसायची. दोन वर्षांपूर्वी तीही गेली. तेव्हापासून मी गॅसच्या टाकीशेजारी, चादरीखाली. पिठाचा डबासुद्धा रोज कुणीतरी उघडतं. मला कुणी उघडलं नाही.

विश्वजीत वाईट नाही हो. झोळीनं निम्मी खोली अडवली, मी तरी कुठं मावणार? खंडाळ्याजवळ हायवेला त्याच्या ओळखीच्या माणसाचं हॉटेल आहे. त्याला दारात ठेवायला असला कर्णा हवा होता. आतलं यंत्र काढून तो बल्ब बसवणार आहे. विश्वजीतनं शब्द दिला. रविवारी टेम्पो येणार होता.

आणि बुधवारी हा चिंचोका.

तो निघेना, म्हणून विश्वजीतच्या बायकोनं, मायानं, मला गल्लीतल्या ज्ञानूकाकांकडे नेलं. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. चिंचोका त्यांनी चिमट्यानं काढला आणि सहज म्हणून खालची पट्टी खोलली. आत डोकावून म्हणाले, "सूनबाई, सांगलीच्या पेठेत एवढी हळद न्हाई."

मायानं वाकून बघितलं. सगळी चाकं पिवळ्या राडीत रुतलेली. "भंडारा हाय ओ, काका. आजीसासूबाईंचा."

"देवाला चालतोय. चाकाला न्हाई चालत." काकांनी रॉकेलचा ब्रश उचलला.

"थांबा. ते फेकू नका. पुडीत द्या मला."

शनिवारी संध्याकाळी विश्वजीत कामावरून आला, तेव्हा घरात ओव्या चालल्या होत्या. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं विसरून तो उंबऱ्यातच उभा राहिला. राणीचे मात्र मिनिटभरात वीस प्रश्न विचारून झाले होते. गाणं संपलं तसा तो म्हणाला, "आजी भाकरी थापताना हेच म्हणायची."

"आवं, मग फोन करून न्हाई म्हणा की त्यांना."

"शब्द दिलाय, माया. तवा बंद हुता ह्यो."

"आता चालतोय न्हवं?"

"त्यांना चालता नकोच हाय. नुसता कर्णा पायजे."

माया बाळाकडं वळली. झोळीला झोका देत राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला शोभेला बसवू नका. सुई वेळेवर बदला. तेलाचा एक थेंब पुरे. ठेवताना आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, ताणलेली सोडू नका. आणि आठवड्यातून एकदा तरी चावी द्या. नुसतं पुसून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. ज्याचं काम ऐकवणं आहे, त्याला कुणीतरी ऐकावं लागतं.

आज रविवार. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. विश्वजीत जिना उतरून गेलाय. मायानं मला गुंडाळायला हरणाबाईची घोंगडी काढली आणि ती तशीच खांद्यावर टाकून माझी चावी फिरवायला बसली. एक वेढा, दोन वेढे. राणी माझ्या कर्ण्यात डोकं घालून आत बघत होती. तिनं विचारलं तेही आतूनच, त्यामुळं ते माझ्याच तोंडून आल्यासारखं घरभर घुमलं.

"आई, तितं ह्याला चावी कोण देणार?"

मायाचा हात चावीवरच राहिला.